फ्रीसिव्ह-वेब : आमच्या लॅबमधले तीन महिने

कराडपासून जवळच्या एका तंत्रनिकेतनात मी संगणक प्रयोगशाळा सांभाळते. जुलैत शेवटच्या वर्षाची चार मुलं प्रोजेक्टचा विषय घेऊन आली. "मॅडम, ब्राउझरमध्ये चालणारा स्ट्रॅटेजी गेम करायचाय. सगळ्यांनी एकत्र खेळायचा. आणि ग्राफिक्स एकदम नवीन."

मी विचारलं, नियम कोण लिहिणार? लढाईत कोण जिंकलं हे ठरवणार कोण? दोघांनी एकाच क्षणी एकाच घरावर, म्हणजे नकाशाच्या एकाच चौकोनावर, सैन्य आणलं तर? चौघंही गप्प. ग्राफिक्स डोळ्यांना दिसतं, म्हणून खेळ बनवणं म्हणजे ग्राफिक्स बनवणं असं वाटतं. मुलांचं काही चुकत नव्हतं, आपण त्यांना दाखवतच नाही पडद्यामागे काय असतं ते. म्हणून मी त्यांना शून्यापासून सुरुवात करू दिली नाही. फ्रीसिव्ह-वेब हा ब्राउझरमध्ये चालणारा तयार खेळ बसवायला लावला. गेले तीन महिने दर शनिवारी दुपारी आमच्या बारा संगणकांवर तो चालतोय. आमच्यासारख्या लॅबमध्ये त्याचा काय उपयोग होतो, त्याचं नवं त्रिमितीतलं रूप कुठे कामाला येतं आणि कुठे आड येतं, हे सांगण्याइतका अनुभव आता गाठीशी आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठात संगणकशास्त्र शिकणाऱ्या तीन विद्यार्थ्यांनी फ्रीसिव्ह लिहायला घेतला. १९९१ साली आलेल्या सिड मायरच्या सिव्हिलायझेशनच्या धर्तीवरचा खेळ, पण नेटवर्कवर अनेकांनी मिळून खेळायचा. १९९६ च्या जानेवारीत पहिली आवृत्ती बाहेर पडली. इसवी सनापूर्वी ४००० मध्ये मूठभर वसाहतवाले घेऊन सुरुवात करायची, नगरं वसवायची, शेती, रस्ते, विद्या, व्यापार, युद्ध करत अंतराळयानापर्यंत पोचायचं. त्यावेळी तो युनिक्सच्या खिडकीत, चपट्या चित्रांवर चालायचा. पुढे आंद्रेआस रोस्दाल यांनी तोच खेळ ब्राउझरमध्ये आणला, ते फ्रीसिव्ह-वेब. आधी एचटीएमएल फाइव्हच्या कॅनव्हासवर, म्हणजे वेबपानातल्या चित्रफलकावर, द्विमितीत, आणि २०१७ च्या सुमारास वेबजीएल (ब्राउझरमध्ये त्रिमिती चित्र काढायची सोय) आणि थ्री जेएस (त्यासाठीचं तयार कोडचं भांडार) वापरून त्रिमितीत. सगळं मुक्त स्रोत आहे, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, एक रुपयाही लागत नाही. त्यातून वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळे फाटे, म्हणजे आपापल्या बदललेल्या आवृत्त्या, काढलेत, त्यामुळे घेताना कुठला फाटा घेतोय ते बघून घ्या. मी बसवलेल्या आवृत्तीत द्विमिती आणि त्रिमिती दोन्ही आहेत, आणि माझ्या लेखी तेच तिचं मोठं बलस्थान आहे. का ते पुढे येईल.

बसवणं सोपं नाही. मुलांना वाटलं होतं एक फाइल उतरवायची आणि दोनदा क्लिक करायचं. प्रत्यक्षात आत एक अख्खं बिऱ्हाड निघालं. सी भाषेतला मूळ फ्रीसिव्ह सर्व्हर. त्याच्यापुढे पायथनमधला प्रॉक्सी, ब्राउझरचं वेबसॉकेट आणि सर्व्हरचं साधं सॉकेट यांची गाठ घालून देणारा. टॉमकॅट या वेब सर्व्हरवर चालणारं जावाचं वेब ॲप्लिकेशन. सगळ्यांत पुढे, ब्राउझरच्या विनंत्या घेऊन वाटून देणारा एन्जिनएक्स. खेळाडूंच्या नोंदींना मायएसक्यूएल हा डेटाबेस. आणि पब्लिट टू नावाचा एक कारभारी, जो गरजेप्रमाणे सर्व्हरच्या नव्या प्रती सुरू करून तयार ठेवतो. प्रत्येक डावाला स्वतंत्र सर्व्हर. डॉकरमुळे, म्हणजे सगळे भाग एका गाठोड्यात बांधून देणाऱ्या साधनामुळे, हे एका आज्ञेत उभं राहतं खरं, पण त्या एका आज्ञेला आमच्याकडे दोन शनिवार लागले, कारण उतरवायचं भरपूर आणि आमच्या इमारतीतली इंटरनेटची ओळ मध्येच तुटायची. शेवटी एका मुलाने घरून रात्री सगळं उतरवून हार्डडिस्कवर आणलं.

एकदा उभं राहिल्यावर मात्र इंटरनेटची गरज संपली. सर्व्हर माझ्या टेबलावरच्या संगणकात. बाकीच्या अकरा जणांनी ब्राउझर उघडायचा, माझ्या संगणकाचा आयपी पत्ता टाकायचा, नाव घालायचं, खेळायचं. प्रत्येक संगणकावर काही बसवायचं नाही, परवानग्या मागायच्या नाहीत. फ्लॅश हे ब्राउझरमध्ये खेळ चालवणारं प्लगइन ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं, तेव्हा लॅबमधले कितीतरी चांगले शैक्षणिक खेळ एका दिवसात मेले. तेव्हापासून मी वेगळं प्लगइन मागणाऱ्या कशालाच लॅबमध्ये घेत नाही. वेबजीएल ब्राउझरच्या पोटातच असतं, २०११ पासून आहे, आणि आमचे आय थ्रीचे, चार जीबी मेमरीचे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेले संगणकसुद्धा ते पेलतात. अट एवढीच की चित्राचा दर्जा खालच्या पायरीवर ठेवायचा आणि दुसरी कुठलीही टॅब उघडी ठेवायची नाही.

आता त्या नव्या रूपाबद्दल.

पहिल्या शनिवारी त्रिमितीचा नकाशा उघडला तेव्हा लॅबमध्ये जो आवाज झाला, तो ऐकून शेजारच्या वर्गातले सर बघायला आले. डोंगर खरोखर वर उठलेले, जंगलात एकेक झाड वेगळं उभं, किनाऱ्याला लागून पाणी, आणि माउसचं चाक फिरवलं की पक्ष्यासारखं खाली उतरत नगराच्या घरांपर्यंत जाता येतं. सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलांना डोंगर दिसला की आधी त्याच्या माथ्यावर जायचं असतं. सगळ्यांनी पहिलं नगर टेकडीवर वसवलं. नियमाने ते योग्यही आहे, टेकडीवर बचावाला बळ मिळतं. पण हे त्यांनी नियम वाचून केलं नव्हतं, चढ बघून केलं होतं. त्रिमितीचं खरं श्रेय मी याला देते. जी गोष्ट मदतपुस्तिकेत वाचून लक्षात राहत नाही, ती उंची बघून कळते.

पाचव्या शनिवारपर्यंत मात्र बारापैकी आठ जण आपण होऊन द्विमितीवर गेले होते. मी कुणाला सांगितलं नव्हतं. लढाया सुरू झाल्या, आणि लढाईत एका नजरेत सगळा मुलूख दिसावा लागतो. त्रिमितीत कॅमेरा तिरका असतो. टेकडीमागचं घर अर्धं झाकलं जातं, तिथल्या तुकडीचा झेंडा तेवढा वरून डोकावतो. पाटणहून येणारी एक मुलगी आहे, अतिशय शांत डोक्याने खेळणारी. तिच्या नगराला खेटून, डोंगराआड, दोन तोफा येऊन थांबलेल्या होत्या आणि तिला त्या दिसल्याच नाहीत. नगर गेलं. तिने दुसऱ्या दिवशी येऊन मला विचारलं, "मॅडम, सुंदर दिसतंय म्हणून हरायचं का?" मी तिला दुसरा ब्राउझर उघडून तोच डाव द्विमितीत दाखवला. चपटी, तिरक्या घरांची, जुन्या वळणाची चित्रं. त्यात त्या दोन तोफा सरळ समोर होत्या. आता ती शेती आणि रस्ते त्रिमितीत करते, आणि सीमेवर कुणी दिसलं की चपट्या नकाशावर येते.

एकाच डावात एक जण त्रिमितीत आणि दुसरा द्विमितीत खेळू शकतो, हे मुलांना आधी खरंच वाटेना. इथेच मला जे शिकवायचं होतं ते सापडलं. फ्रीसिव्हमध्ये खेळ सर्व्हरच्या डोक्यात असतो. नकाशा कसा आहे, कुणाला काय दिसतंय, फासा काय पडला, सगळं तिकडे. ब्राउझर फक्त चित्र काढतो आणि "ही तुकडी इकडे ने" एवढी विनंती पाठवतो. सर्व्हरला वाटलं तर तो होकार देतो. संदेशांचे सगळे साचे एकाच मजकुराच्या फाइलीत लिहिलेले आहेत, त्यावरून एक पायथन प्रोग्राम सी भाषेतला कोड आपोआप तयार करतो, आणि ब्राउझरकडे तेच संदेश जेसन या साध्या मजकुराच्या रचनेत जातात. ब्राउझरमधली डेव्हलपर टूल्स उघडून नेटवर्कच्या खिडकीत हे संदेश येताना-जाताना वाचता येतात. मी चौघांना एक संपूर्ण तास फक्त तेच बघत बसायला लावलं. एक तुकडी एक घर सरकली की किती ओळी येतात, शत्रूची तुकडी धुक्यात, म्हणजे आपल्या नजरेबाहेर, गेली की काय येतं. धुक्यातल्या तुकडीचा ठावठिकाणा ब्राउझरकडे येतच नाही, त्यामुळे कोड उचकटूनही चोरून बघता येत नाही, हे एका मुलाने स्वतः शोधून काढलं. आरहूसच्या त्या मुलांनी १९९५ मध्ये ही फाळणी नीट केली, म्हणून आज त्या जुन्या मेंदूला नवा चेहरा लावता येतो. ब्राउझरचा खेळ करू म्हणणाऱ्या प्रत्येकाने आधी हे बघावं असं मला मनापासून वाटतं.

आमच्याकडे एक मोठं भांडण झालं, त्यातूनही बरंच कळलं. इथे सगळे एकाच वेळी चालतात, बुद्धिबळासारखं एकामागून एक नाही. आम्ही टर्नला नव्वद सेकंद ठेवले होते. एका मुलाने नव्वदावा सेकंद संपताना घोडदळ शत्रूच्या वेशीपर्यंत नेलं आणि नवा टर्न सुरू होताक्षणी हल्ला केला. समोरच्याला मधे श्वास घ्यायलाही वेळ मिळाला नाही. "मॅडम, ही चीटिंग आहे!" लॅबमध्ये दोन तट पडले. मी सर्व्हरच्या सेटिंग्जची यादी पडद्यावर लावली आणि म्हटलं, शोधा. अर्ध्या तासाने सापडलं: युनिटवेटटाइम. एका टर्नमध्ये हललेली तुकडी पुढच्या टर्नमध्ये इतके सेकंद गेल्याशिवाय हलणार नाही, असं बंधन घालता येतं. तीस वर्षांपूर्वीपासून लोक हा खेळ खेळताहेत, त्यांच्यातही हे भांडण झालं असणार, म्हणून तर त्यावर सेटिंग आहे. आम्ही पंधरा सेकंद ठेवले. भांडण मिटलं.

आता नगरांच्या नावांबद्दल. मला या सगळ्यात सर्वांत प्रिय तोच भाग आहे.

नवं नगर वसवलं की खेळ नाव विचारतो. पाटणच्या त्या मुलीने देवनागरीत लिहिलं: कोयनानगर. खेळाने नाकारलं. संदेश असा की नाव ग्राह्य नाही, आस्की (साधी इंग्रजी) अक्षरं किंवा नियमसंचातलीच, म्हणजे खेळाच्या नियमांच्या फाइलींतलीच, नावं चालतील. तिचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलंच, पण त्या संदेशात उत्तरही होतं. आम्ही सर्व्हरचा कोड उघडून ती जागा काढली. तिथे टीप आहे: गैरवापर होऊ नये म्हणून आस्कीबाहेरची नावं फक्त सर्व्हरचा पूर्ण अधिकार असलेल्यांनाच. कारण पटण्यासारखं आहे, उघड्या इंटरनेटवर लोक नावांच्या जागी काहीही लिहितील. सर्व्हर चालवणारी मीच असल्याने सगळ्यांना तो अधिकार देऊ शकले असते. दिला नाही, कारण त्याबरोबर सर्व्हरच्या किल्ल्या जातात. ही सवय मुलांना लागू नये.

मग राहिली दुसरी वाट, नियमसंच. फ्रीसिव्हमध्ये प्रत्येक राष्ट्राची एक साध्या मजकुराची फाइल असते. त्यात राजांची नावं, झेंडा आणि नगरांची यादी. नगराच्या नावापुढे कंसात भूभाग लिहिता येतो: नदी, समुद्र, टेकडी. म्हणजे तुम्ही नदीकाठी नगर वसवलंत तर सर्व्हर यादीतून नदीकाठचंच नाव सुचवतो. हे वाचल्यावर मुलांना प्रोजेक्टचा विसर पडला. तीन दिवस फळ्यावर नुसती गावं. कराड, कंसात नदी; कृष्णा-कोयनेचा संगम आमच्या दाराशी, त्याला दुसरं काय लिहिणार. पन्हाळा, टेकडी. रत्नागिरी, समुद्र. महाबळेश्वरला डोंगर लिहायचं की जंगल यावर वाद, शेवटी दोन्ही लिहिलं, दोन्ही चालतं. वाईला नदी लिहायला विसरले तर वाईच्याच मुलाने येऊन दुरुस्ती केली. फाइल यूटीएफ-आठ या देवनागरीही चालणाऱ्या पद्धतीत साठवली, सर्व्हर पुन्हा सुरू केला, आणि पाटणच्या मुलीने नदीकाठी वसाहतवाला उभा करून नगर वसवण्याची आज्ञा दिली. खेळाने आपण होऊन विचारलं: कोयनानगर?

त्रिमितीच्या नकाशावर ते नाव नगरावर तरंगताना बघायला सगळे तिच्या संगणकाभोवती जमले. जोडाक्षरं नीट आली, कारण अक्षरं ब्राउझरच जुळवतो. हेच एखाद्या जुन्या, स्वतःचा फॉन्ट घेऊन फिरणाऱ्या खेळात केलं असतं तर "म्हसवड"चे तुकडे झाले असते. बाकी मजकूर, म्हणजे बटणं, मदत, सल्ले, सगळा इंग्रजीत आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना त्याचा त्रास होतो हे मान्य करायला हवं. आम्ही महत्त्वाच्या पन्नास-एक शब्दांचा मराठी तक्ता करून भिंतीवर लावलाय.

मुलांना नवीन ग्राफिक्स करायचं होतं, ते शेवटी केलंच. रत्नागिरीकडचा एक मुलगा आहे, त्याला खेळातली ट्रायरीम ही वल्ह्यांची प्राचीन ग्रीक नाव खटकली. किनारा सोडून खोल समुद्रात जाऊ न शकणारी ती बोट बघून तो म्हणाला, हे आमचं गलबत आहे. ब्लेंडर या त्रिमिती चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याने दोन डोलकाठ्यांचं गलबत घडवलं, शिडांना सुरकुत्यासुद्धा काढल्या. पहिल्यांदा खेळात घातलं तेव्हा गलबत पाण्यात कुशीवर आडवं पडलेलं. ब्लेंडरमध्ये वरची दिशा झेड असते, ग्लटीएफ या त्रिमिती वस्तूंच्या फाइलीत आणि थ्री जेएसमध्ये वाय. निर्यात करताना वाय वर ठेवण्याची खूण काढली गेली होती. ती परत लावली, गलबत उभं राहिलं. मग दुसरी अडचण. त्याची फाइल अठरा एमबीची, आणि बारा संगणकांनी ती एकदम मागितली की सगळ्यांचं पान अडकायचं. दोरखंड, सुरकुत्या, फळ्यांमधल्या फटी, जे जे वरून दिसतच नाही ते ते काढायला लावलं. त्याला जड गेलं, पण केलं. शेवटची फाइल एक एमबीच्या आत आली आणि नकाशाच्या उंचीवरून बघितलं तर आधीच्या आणि नंतरच्या गलबतात फरक ओळखता येत नाही. या मुलाला आता ग्राफिक्सचं काम म्हणजे काय, हे माझ्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा जास्त कळलंय.

एक गोष्ट प्रोजेक्ट करणाऱ्यांनी आधीच वाचून ठेवावी. मूळ सर्व्हर जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, वेबचा भाग एजीपीएल. एजीपीएलचा अर्थ असा की तुम्ही बदल करून तो नुसता सर्व्हरवर चालवलात, कुणाला फाइल दिली नाहीत, तरी खेळणाऱ्याने मागितला तर तुमचा बदललेला कोड द्यावा लागतो. आम्ही प्रोजेक्टच्या पहिल्याच पानावर कोड कुठे मिळेल ते लिहिलंय, आणि मूळ लेखकांची नोंद जशीच्या तशी ठेवलीय. दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव घालून जमा केलेले प्रोजेक्ट मी दरवर्षी बघते. म्हणून हे मी मुलांना दोनदा सांगते.

बसवणार असाल तर सर्व्हरच्या संगणकाला आठ जीबी तरी मेमरी द्या आणि यूपीएस लावा. डाव आपोआप साठवला जातो, तरी वीज गेल्यावर बारा मुलांना पुन्हा गोळा करणं अवघड. पहिल्या दिवशी सगळ्यांना एकमेकांविरुद्ध सोडू नका, चार मुलं आणि बाकी संगणकाचे खेळाडू नवशिक्या पातळीवर ठेवा. ज्यांना वेळ कमी आहे त्यांच्यासाठी दिवसाला एक टर्न अशीही पद्धत आहे, आमचे दोन सहकारी शिक्षक तसा एक डाव खेळताहेत, दोघंही सकाळी चहाच्या आधी आपला टर्न उरकतात. एकाच संगणकावर आळीपाळीने खेळायची सोयही आहे, ती घरी भावंडांसाठी बरी.

आमच्या यादीत सध्या १६३ गावं झालीत. घाटावरची भरपूर, समुद्राची खूण असलेली जेमतेम अकरा. त्यामुळे किनाऱ्यावर बारावं नगर वसवलं की खेळ समुद्रकाठी घाटावरचं मायणी सुचवतो. रत्नागिरीचा मुलगा दिवाळीला घरी जाताना वही घेऊन गेलाय. जयगड, हर्णै, विजयदुर्ग त्याला पाठ आहेतच, बाकीची आजोबांना विचारून आणतो म्हणालाय.